धूळ समजलेल्या पुटिका

डीएनएमधल्या घटकांचे प्रमाण कसे जुळते, याचे नियम एर्विन चारगाफ यांच्या नावाने ओळखले जातात. त्याआधी, १९४६ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चारगाफ एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते: रक्त गोठते कसे? त्यांनी आणि रँडॉल्फ वेस्ट यांनी रक्तातल्या पेशी काढून टाकून उरलेला प्लाझ्मा घेतला आणि तो गुरुत्वाकर्षणाच्या ३१,००० पट बळाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. नळीच्या तळाशी बारीक साका बसला. वरचा प्लाझ्मा आता गोठायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला, आणि तळाचा साका परत मिसळला की तो लवकर गोठे. गोठण्याला चालना देणारे काहीतरी त्या साक्यात होते आणि त्या पेशी नक्कीच नव्हत्या.

ते काय होते, हे दिसायला दोन दशके गेली. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्मातला असाच साका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात प्लेटलेट पेशींनी सोडलेले, मेदयुक्त असे अतिसूक्ष्म कण होते. वुल्फ यांनी त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले. पुढची बरीच वर्षे या कणांची दखल धुळीइतकीच घेतली गेली.

आज त्यांना बाह्यपेशीय पुटिका म्हणतात. आपल्या शरीरातल्या जवळजवळ सगळ्या प्रकारच्या पेशी त्या सोडतात. रक्त, लघवी, लाळ, आईचे दूध, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सगळीकडे त्या सापडतात. कर्करोग पसरण्यापासून मलेरियापर्यंत अनेक रोगांत त्यांचा हात असल्याचे प्रयोगांत दिसले आहे आणि त्यांच्यापासून औषधे बनवण्याची धडपडही चालू आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे समजून घ्यायचे तर एक सूत्र लक्षात ठेवावे लागते. पुटिका स्वतः विष नसते आणि अमृतही नसते. ती कोणत्या पेशीतून निघाली, त्या वेळी ती पेशी कोणत्या अवस्थेत होती आणि पुटिका जाऊन कुठे पोचली, यावर तिचा परिणाम ठरतो.

मेंढीच्या रक्तातला पुरावा

तांबडी पेशी अस्थिमज्जेत वाढत असताना तिला हिमोग्लोबिन बनवायला भरपूर लोह लागते. ते आत घेण्यासाठी तिच्या आवरणावर ट्रान्सफरिन रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. पेशी पक्व झाली की त्यांची गरज संपते आणि ती नाहीशी होतात. जातात कुठे? हा प्रश्न १९८३ साली दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे सोडवला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन आणि बिन-ताओ पॅन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करत होते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर आणि फिलिप स्टाल उंदराच्या पेशी तपासत होते.

दोघांनाही दिसले ते असे. रिसेप्टर आधी पेशीच्या आत ओढले जातात आणि एका पिशवीत जमा होतात. या पिशवीची भिंत आतल्या बाजूला खुडली जाऊन पिशवीतच अनेक छोट्या पुटिका तयार होतात. रिसेप्टर त्या पुटिकांच्या आवरणावर असतात. मग ती मोठी पिशवी पेशीच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन चिकटते, तोंड उघडते आणि आतल्या पुटिका बाहेर पडतात. नको असलेला माल पेशी घरात न जिरवता सरळ बाहेर टाकते. या पुटिकांना पुढे ‘एक्सोसोम’ हे नाव रूढ झाले.

पुटिका तयार होण्याची ही एक रीत. दुसऱ्या रीतीत पेशीच्या बाहेरच्या आवरणालाच फुगवटा येतो आणि तो तुटून सुटा होतो. या पुटिका साधारण १०० ते १,००० नॅनोमीटरच्या असतात. मरणारी पेशी फुटते तेव्हा आणखी मोठे तुकडे सुटतात. एक्सोसोम या सगळ्यांत लहान, ३० ते १५० नॅनोमीटरचे. तांबडी रक्तपेशी जेवणाच्या ताटाएवढी मानली तर एक्सोसोम ज्वारीच्या दाण्याएवढा भरेल. एकदा बाहेर पडल्यावर कोणती पुटिका कोणत्या रीतीने बनली, हे सांगणे अवघड जाते. त्यामुळे आता शास्त्रज्ञ सरसकट ‘एक्सोसोम’ न म्हणता ‘बाह्यपेशीय पुटिका’ म्हणणे पसंत करतात. बाजारात मात्र ‘एक्सोसोम’ हेच नाव चालते.

उंदराचा निरोप, माणसाची पेशी

पेशी फक्त कचरा बाहेर टाकत असती तर विषय इथेच संपला असता. पण १९९६ साली ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रतिकारशक्तीतल्या बी पेशींच्या पुटिका टी पेशींना चेतवू शकतात. २००७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात यान ल्योटवाल यांच्या गटाने त्याहून मोठा धक्का दिला. हादी वालादी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मास्ट या प्रतिकारपेशींच्या पुटिका माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या. काही वेळाने माणसाच्या त्या पेशींत उंदराची प्रथिने तयार झालेली दिसली. पुटिकांमध्ये संदेशवाहक आरएनए होते आणि परक्या पेशीने ते वाचून प्रथिने बनवली होती. शिवाय जनुकांचे काम कमी-जास्त करणारे मायक्रोआरएनएही त्यांत सापडले.

या शोधानंतर विषयाला भरती आली. तिच्याबरोबर थोडी अतिशयोक्तीही आली. पुढच्या मोजमापात दिसले की एखादा ठरावीक मायक्रोआरएनए सरासरी प्रत्येक पुटिकेत एकही भरत नाही. तो अनेक पुटिकांमागे एखाद्या पुटिकेत सापडतो. म्हणून पुटिकेचा परिणाम नुसत्या आरएनएवर ढकलता येत नाही. तिच्या आवरणावरची प्रथिने, तिचे मेद आणि तिच्या पोटातला माल, सगळे मिळून तो घडवतात.

कर्करोगाची पूर्वतयारी

कर्करोग शरीरात वाटेल तिथे पसरत नाही, त्याच्या ठरलेल्या जागा असतात. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी वारंवार सापडत होत्या, तर तितकाच रक्तपुरवठा असलेल्या काही अवयवांत त्या विरळा होत्या. बी कितीही पसरले तरी योग्य जमिनीतच रुजते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जमीन योग्य कशी होते, हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षे मोकळा राहिला.

त्याचे एक उत्तर न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेतून आले. अयुको होशिनो आणि सहकाऱ्यांचा २०१५ सालचा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांच्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या दोन प्रकारच्या पेशी होत्या. एक प्रकार उंदराच्या फुप्फुसात रुजणारा, दुसरा हाडात. त्यांनी उंदरांना आधी फुप्फुसात रुजणाऱ्या पेशींच्या फक्त पुटिका टोचल्या, पेशी नाहीत. त्यानंतर हाडात जाणाऱ्या पेशी टोचल्या. त्या फुप्फुसात रुजल्या. पुटिकांनी आधी जाऊन जागा तयार करून ठेवली होती. पुटिका कोणत्या अवयवात थांबतील, हे त्यांच्या आवरणावरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांवर ठरत होते. एका प्रकारचे इंटेग्रिन फुप्फुसाकडे नेत होते, दुसऱ्या प्रकारचे यकृताकडे.

कर्करोग पुटिकांचा आणखी एक उपयोग करून घेतो. आपल्या टी पेशींना थोपवणारे पीडी-एल१ हे प्रथिन अनेक गाठींच्या पेशींवर असते आणि आजची काही महागडी इम्युनोथेरपी त्याचाच अडथळा काढते. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवले की मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी हेच प्रथिन पुटिकांवर लावून रक्तात सोडतात. त्यामुळे गाठीपासून दूर असलेल्या टी पेशीही निष्प्रभ होतात.

सुरुवातीला सांगितलेले सूत्र सर्वांत स्पष्टपणे दिसते ते मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात. २०१३ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी मज्जेतल्या मेझेन्कायमल पेशींच्या पुटिका तपासल्या. मायलोमाच्या रुग्णांकडून घेतलेल्या पुटिकांनी उंदरांतली गाठ वाढवली. निरोगी माणसांच्या त्याच प्रकारच्या पेशींच्या पुटिकांनी ती रोखली. पेशीचा प्रकार एकच, परिणाम उलटा.

गुठळ्या, मेंदू आणि जंतू

चारगाफ यांचा साका रक्त का गोठवत होता, तेही आता कळले आहे. प्लेटलेटच्या पुटिकांच्या बाहेरच्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद असतो आणि त्यावर गोठण्याचे घटक जमून कामाला लागतात. हा मेद बाहेर आणण्याची आणि पुटिका सोडण्याची क्रिया ज्यांच्यात बिघडलेली असते, अशा मोजक्या लोकांना स्कॉट सिंड्रोम हा रक्तस्रावाचा आजार होतो. म्हणजे या पुटिका आपल्याला हव्याच असतात. उलट त्या नको तिथे वाढल्या की गुठळ्या होतात. कर्करोग आणि गुठळ्या यांचा संबंध फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ सालीच दाखवला होता. स्वादुपिंडासारख्या कर्करोगांच्या पेशी टिश्यू फॅक्टर हे गोठण्याची सुरुवात करणारे प्रथिन पुटिकांवर लावून रक्तात सोडतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

मेंदूच्या आजारांत पुटिका चुकीच्या घडीची प्रथिने एका पेशीतून दुसरीत नेतात. प्रायॉनच्या बाबतीत हे २००४ साली दिसले. अल्झायमरमधले अमायलॉइड-बीटा पुटिकांबरोबर बाहेर पडते, हे लॉरेन्स राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले. टाऊ या प्रथिनावरचे काम २०१५ सालचे. त्यात उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी कमी केल्या किंवा पुटिका बनण्याची क्रिया औषधाने अडवली, तेव्हा टाऊचा फैलाव मंदावला. तरीही पुटिका अडवणे हा सोपा उपाय नाही. निरोगी चेतापेशीही त्याच वाटेने आपली कामे उरकत असतात.

आपल्याकडच्या रोगांतही ही वाट वापरली जाते. क्षयाच्या जंतूची लागण झालेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी जंतूचे अंश असलेल्या पुटिका सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या निरोगी मॅक्रोफेजमध्ये दाह सुरू होतो, असे २००७ साली आढळले. मलेरियाच्या परजीवीने व्यापलेल्या तांबड्या पेशी एकमेकींना पुटिका पाठवतात, हे २०१३ साली दोन गटांनी दाखवले. अशा पुटिका मिळाल्या की परजीवी डासातून पुढे जाणाऱ्या लैंगिक अवस्थेकडे वळतात. एका रुग्णाच्या रक्तातली परिस्थिती पाहून पुढच्या रुग्णाकडे निघण्याची ही तयारी.

निदान आधी, उपचार नंतर

रोगी पेशी आपला माल पुटिकांत भरून रक्तात आणि लघवीत सोडत असेल, तर गाठीला सुई न टोचता तिची खबर मिळायला हवी. २००८ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांचे रक्त तपासले. त्यातल्या ७ जणांच्या पुटिकांमध्ये त्या गाठीचा खास बदललेला आरएनए सापडला. कवटी उघडल्याशिवाय मिळालेली ही माहिती होती. पण २५ पैकी ७ हेही लक्षात ठेवायला हवे.

अमेरिकेत २०१६ पासून प्रोस्टेटसाठी लघवीची अशी चाचणी उपलब्ध आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या रक्तातले पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचे प्रमाण २ ते १० या संशयाच्या पट्ट्यात आले की बायोप्सी करायची की नाही, हा पेच पडतो. ही चाचणी लघवीतल्या पुटिकांमधले तीन आरएनए मोजते आणि धोकादायक कर्करोगाची शक्यता अंकात सांगते. ती बायोप्सीची जागा घेत नाही. अनावश्यक बायोप्सी टाळायला मदत करते.

उपचारांत सर्वांत पक्के यश मिळाले ते माणसाच्या नव्हे, जीवाणूंच्या पुटिकांना. मेनिन्गोकॉकस बी या मेंदूज्वराच्या जंतूवर नेहमीच्या पद्धतीने लस बनत नव्हती, कारण त्याच्या वरच्या थरातली साखर आपल्या शरीरातल्या साखरेसारखी असते आणि प्रतिकारशक्ती तिला परके मानत नाही. मग संशोधकांनी त्या जंतूच्या बाहेरच्या आवरणाच्या पुटिकाच लसीत वापरल्या. क्यूबाने १९८० च्या दशकात अशी लस बनवली. न्यूझीलंडने २००४ पासून साथीविरुद्ध ती पद्धत वापरली. त्याच पुटिका आणि तीन प्रथिने असलेल्या बेक्सेरो या लसीला २०१३ साली युरोपात परवानगी मिळाली. न्यूझीलंडच्या लसीने गोनोरिया या लैंगिक संसर्गापासूनही थोडे संरक्षण दिल्याचे २०१७ साली उघड झाले, कारण दोन्ही जंतू जवळचे भाऊबंद. धोका जास्त असलेल्यांना गोनोरियाविरुद्ध बेक्सेरो लस देण्याचा कार्यक्रम इंग्लंडने २०२५ साली सुरू केला.

माणसाच्या पुटिकांची गोष्ट अजून अर्ध्यावर आहे. मेझेन्कायमल स्टेम सेल टोचल्यावर रुग्णाला फायदा होतो, पण त्या पेशी शरीरात फार काळ टिकत नाहीत, असे लक्षात आले होते. मग फायदा कशाने? २०१० साली सिंगापूरमध्ये लिम साई किआंग यांच्या गटाने दाखवले की या पेशींच्या फक्त पुटिका दिल्या तरी उंदरांच्या हृदयविकारात हृदयाचे नुकसान कमी होते. २०१४ साली जर्मनीतल्या एसेन इथल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मज्जारोपणानंतर रोपलेल्या पेशींनीच त्या रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवला होता आणि स्टेरॉइडचा उपयोग होत नव्हता. डॉक्टरांनी चार दात्यांच्या पेशींच्या पुटिका तपासून त्यातल्या एकाच्या निवडल्या आणि वाढत्या मात्रेत दिल्या. त्रास बराच कमी झाला, स्टेरॉइडही घटवता आले. काही महिन्यांनी रुग्णाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण त्या डॉक्टरांनी दात्यांची तुलना का केली, ते महत्त्वाचे आहे. चार निरोगी माणसांच्या एकाच प्रकारच्या पेशींच्या पुटिकाही एकसारख्या वागत नव्हत्या.

तिसरी वाट म्हणजे पुटिकेला हवे ते औषध भरून हव्या त्या जागी पाठवणे. २०११ साली ऑक्सफर्डमध्ये मॅथ्यू वुड यांच्या गटाने उंदराच्या प्रतिकारपेशींच्या पुटिकांवर रेबीज विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा बसवला. रेबीजचा विषाणू चेतापेशींत घुसण्यात पटाईत असतो, त्याचीच ही उसनवारी. आत एका जनुकाला गप्प करणारा आरएनए भरला. शिरेतून टोचलेल्या या पुटिका मेंदूपर्यंत पोचल्या आणि ते जनुक खरोखर मंदावले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात रघू कल्लुरी यांच्या गटाने हीच कल्पना स्वादुपिंडाच्या कर्करोगातल्या केआरएएस या बिघडलेल्या जनुकाविरुद्ध वापरली. उंदरांमधले निष्कर्ष २०१७ साली आले आणि त्यानंतर रुग्णांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली.

अडते कुठे

इतके असूनही माणसाच्या पुटिकांचे औषध दुकानात का नाही? पहिली अडचण शुद्धतेची. रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारे लायपोप्रोटीनचे कण पुटिकांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांची घनता किंवा आकार पुटिकांच्या जवळपास येतो. सेंट्रिफ्यूज केले तरी काही ना काही बरोबर येतेच. दुसरी अडचण मात्रेची. गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे, हे मोजता येते. पुटिकांचे कण मोजले तरी त्यातले कामाचे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तिसरी अडचण पत्त्याची. शिरेतून दिलेल्या पुटिकांपैकी बहुतेक काही मिनिटांतच यकृत आणि प्लीहेत अडकतात. या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था २०१४ पासून संशोधकांसाठी किमान निकष प्रसिद्ध करते आणि २०२४ साली त्यांची नवी आवृत्ती आली. व्यवसायाची बाजूही सोपी नाही. घडवलेल्या पुटिका रुग्णांपर्यंत नेणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी कोडिॲक बायोसायन्सेस ही अमेरिकन कंपनी २०२३ साली दिवाळखोरीत गेली.

असे असताना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्वचेच्या आणि केसांच्या क्लिनिकांतून एक्सोसोमच्या जाहिराती झळकू लागल्या आहेत. काही ठिकाणी गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर हाच इलाज सांगितला जातो. अमेरिकेत २०१९ साली नेब्रास्का राज्यात अशी विनापरवाना उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर तिथल्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला आणि एकाही एक्सोसोम उत्पादनाला आपण मान्यता दिलेली नाही, असे स्पष्ट केले.

निदानासाठी पुटिकांचा उपयोग वाढत जाईल, यात शंका नाही. औषध म्हणूनही त्या येतील, पण एकेका आजारासाठी, एकेका ठरावीक पेशीपासून आणि हळूहळू. ‘सर्व रोगांवर एक्सोसोम’ हा दावा मात्र आजवरच्या संशोधनाच्या उलट जाणारा आहे. मायलोमाच्या प्रयोगात एकाच प्रकारच्या पेशींच्या पुटिकांनी गाठ वाढवलीही आणि रोखलीही, हे विसरून चालणार नाही.

म्हणून कुणी एक्सोसोमचे इंजेक्शन सुचवले तर तीन गोष्टी विचाराव्यात. या पुटिका कोणाच्या, कोणत्या पेशींच्या? त्यांची शुद्धता आणि जंतुविरहितता कोणी तपासली? आणि ही वैद्यकीय चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेऊ नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नोंदणी क्रमांक मिळत नसेल आणि पैसे मात्र आगाऊ मागितले जात असतील, तर इंजेक्शन न घेता उठावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.